चाळिशीनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या : कोणी घ्याव्यात, कोणत्या आणि कधीपर्यंत

वयाची चाळिशी ओलांडलेल्या, पाळी अनियमित झालेल्या किंवा नुकतीच गेलेल्या महिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो : थकवा जात नाही, कंबर आणि गुडघे दुखतात, केस गळतात, पायांना मुंग्या येतात, तर ताकदीच्या गोळ्या सुरू कराव्यात का? धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, निम्न तेरणा धरणाजवळ वसलेल्या माकणीसारख्या गावात या प्रश्नाला चारी बाजूंनी वेगवेगळी उत्तरे मिळतात. आशाताई लाल गोळ्या देतात, औषध दुकानदार कॅल्शियमची पट्टी पुढे करतो, शहरातून आलेली नातेवाईक मल्टिव्हिटॅमिनची डबी हातात ठेवते आणि दवाखान्यात अशक्तपणासाठी सलाईन लावली जाते. ही सगळी उत्तरे एकाच दुखण्यावरची वाटत असली तरी त्यांचे काम, मात्रा आणि धोके परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

निर्णयापुरते सांगायचे तर, वय झाले म्हणून सरसकट जीवनसत्त्वे घ्यावीत का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु तपासणीत किंवा आहारात एखादी ठरावीक कमतरता स्पष्ट दिसत असेल, तर तीच गोळी योग्य मात्रेत आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी का, याचे उत्तर ‘होय, आणि चालढकल न करता’ असे आहे. जीवनसत्त्वे म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात, पण रोज लागणारे आणि बहुतांशी अन्नातूनच मिळणारे घटक. लोह आणि कॅल्शियम ही खनिजे असली तरी बाजारात ती याच गोळ्यांच्या रांगेत विकली जातात, म्हणून त्यांचाही विचार येथे केला आहे.

गोळीच्या आधी कारण

थकवा हा आजार नसून लक्षण आहे, आणि या वयात त्यामागे रक्तक्षय, थायरॉईडची कमतरता, मधुमेह, पाळी जाण्याच्या काळात रात्री घाम येऊन मोडणारी झोप, मनाचे औदासीन्य किंवा निव्वळ अतिश्रम यांपैकी काहीही असू शकते. यांतील बहुतेक कारणांवर जीवनसत्त्वाची गोळी कामाची नाही. उलट गोळी चालू आहे या समाधानात मूळ आजार महिनोन्महिने अंगावर काढला जातो. म्हणून आपण प्रथम पुढील तपासण्यांची मागणी करावी :

- हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, जिला सीबीसी म्हणतात;
- रक्तातील साखर आणि रक्तदाब;
- थायरॉईडसाठी टीएसएच;
- मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा असल्यास किंवा आहार पूर्ण शाकाहारी असल्यास ब-१२.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे पहिली पायरी खासगी प्रयोगशाळेची असण्याचे कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी तपासणी होत नाही तिच्यासाठी लोहाऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरला उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालय किंवा उमरग्याचे उपजिल्हा रुग्णालय येथे चौकशी करावी. तपासणीचा कागद घरी जपून ठेवावा, कारण तीन महिन्यांनंतर तुलना त्याच्याशीच करायची असते.

लोह : पाळी चालू असताना एक नियम, पाळी गेल्यावर दुसरा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या महिलेचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असे मानले जाते आणि ते ८ पेक्षा खाली गेले तर तो तीव्र समजला जातो. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार २० ते ४९ वयाच्या महिलांना आठवड्यातून एक लाल गोळी मिळते, जिच्यात ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ही आठवड्याची गोळी प्रतिबंधासाठी आहे. आधीच रक्त कमी असलेल्या महिलेला ती पुरत नाही आणि तिला रोजची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते. हा फरक समजावून सांगितला जात नाही, म्हणूनच ‘गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते.

पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत पुष्कळ महिलांना जास्त रक्तस्राव होतो आणि ‘वयच तसे आहे’ म्हणून तो सहन केला जातो. घडी किंवा पॅड तासातासाला बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, पाळी आठवड्याहून अधिक लांबणे यांपैकी काहीही असेल, तर लोहाच्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा इलाज झालाच पाहिजे, कारण तो थांबल्याशिवाय भरून काढलेले रक्त टिकत नाही.

पाळी जाऊन पूर्ण वर्ष झाल्यावर लोहाची गरज लक्षणीयरीत्या घटते. त्यानंतर रक्तक्षय निघाला तर केवळ गोळ्या देऊन घरी पाठवणे पुरेसे नाही. जठरातील व्रण, मूळव्याध, दुखण्यावरच्या गोळ्यांनी होणारा छुपा रक्तस्राव किंवा आतड्याचा कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. तसेच वर्षभर पाळी बंद राहिल्यानंतर अंगावरून थेंबभर जरी रक्त गेले, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

लोहाची गोळी घेताना :

- ती चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नये. चहा आणि गोळी यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.
- लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते.
- कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. एक सकाळी, दुसरी रात्री.
- थायरॉईडची गोळी चालू असल्यास तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर हवे.
- शौच काळे होणे अपेक्षित आहे. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाल्यास गोळी बंद न करता ती जेवणानंतर घ्यावी किंवा मात्रा बदलून मागावी.
- हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवावी.

आहारात ज्वारी-बाजरी, हरभरा, मटकी यांत लोह असते, पण धान्यांतील फायटेट नावाचा घटक ते नीट शोषू देत नाही. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी हा घटक कमी होतो. वेळ अमावास्येला, म्हणजे येळवसला, शेतात नेली जाणारी ज्वारीची आंबील या दृष्टीने उत्तम पदार्थ आहे आणि ती वर्षातून एकदाच करावी असा कोणताही नियम नाही. भाजीवर लिंबू पिळण्याची सवयही याच कारणासाठी लावून घ्यावी.

कॅल्शियम : आधी ताट मोजा, मग पट्टी विकत घ्या

अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडांची झीज रोखून धरते. पाळी गेल्यावर ते घटते आणि पुढची पाच-सात वर्षे हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ महिलेला दिवसाला १००० मि.ग्रॅ. आणि पाळी गेलेल्या महिलेला १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम लागते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते ३० मि.ग्रॅ.हूनही कमी असते, त्यामुळे दिवसाला चार भाकरी खाणाऱ्या महिलेलाही भाकरीतून शंभर मि.ग्रॅ. मिळत नाही. आपल्या ताटात किती जाते याचा ढोबळ हिशेब असा करावा :

- २०० मि.लि.चा एक ग्लास दूध : सुमारे २४० मि.ग्रॅ.
- दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम, बिनसोललेले तीळ : शंभरहून अधिक मि.ग्रॅ., मात्र ते पूर्ण शोषले जात नाही.
- ४० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी : सुमारे १४० मि.ग्रॅ.
- शेवग्याचा पाला १०० ग्रॅम : ३०० मि.ग्रॅ.हून अधिक.
- काट्यांसह चावून खाल्लेले छोटे मासे : शाकाहार नसलेल्या घरांत हा स्वस्त आणि भरपूर स्रोत आहे, आणि धरणामुळे तो माकणीला जवळचाही आहे.

पालकातही कॅल्शियम असते, पण त्यातील ऑक्झलेटमुळे ते शरीराला फारसे मिळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. ज्या घरात गाय किंवा म्हैस आहे, तिची धार जी महिला काढते, शेण-पाणी जी करते, तिच्या वाट्याला बहुतेक वेळा चहापुरतेच दूध येते. उरलेले संकलन केंद्रावर जाते, आणि घरात ठेवलेले मुलांना व पुरुषांना दिले जाते. पुढे तिच्याच कंबरदुखीसाठी कॅल्शियमच्या पट्ट्या विकत आणल्या जातात. रोज दोन ग्लास दूध किंवा तितके दही-ताक घरच्या बाईसाठी बाजूला काढणे हा या संपूर्ण लेखातील सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो ठरवण्याची जबाबदारी एकट्या तिची नसून घरातल्या सर्वांची आहे.

एवढे करूनही ताटातून ५००-६०० मि.ग्रॅ.च मिळत असतील, तर उरलेल्या भागापुरती गोळी घेणे योग्य ठरते. मात्र त्या गोळीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ महिलांवर झालेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि ४०० एकक ड जीवनसत्त्व दिल्यावर खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारली, खुब्याचे अस्थिभंग ठळकपणे कमी झाले नाहीत आणि मूतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले. म्हणून मूतखडा होऊन गेलेल्या किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या महिलेने स्वतःच्या मनाने कॅल्शियम सुरू करू नये.

गोळी घेताना वेष्टनावर ‘मूलद्रव्य कॅल्शियम’ किती आहे ते पाहावे : १२५० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. असते. एका वेळी ५०० मि.ग्रॅ.हून अधिक घेतल्यास त्याचे शोषण घटते. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी. सायट्रेट प्रकार उपाशीपोटीही चालतो.

गर्भपिशवी काढलेल्या महिलांनी

मराठवाड्यात, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांमध्ये, कमी वयात गर्भपिशवी काढण्याचे प्रमाण धक्कादायक आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील प्रकरणांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील तर महिलेची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते, मग ती पस्तिशीची का असेना, आणि हाडांची झीजही तेव्हापासूनच सुरू होते. अशा महिलांनी शस्त्रक्रियेचा कागद शोधून अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत याची खात्री करावी. कागद नसेल तर तो रुग्णालयाकडून मागावा, तो त्यांचा हक्क आहे. अंडाशये काढली असल्यास केवळ कॅल्शियमवर न थांबता, संप्रेरक उपचार आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

ड जीवनसत्त्व : पुडीची चूक महागात पडते

ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. त्वचेवर ऊन पडल्यावर ते शरीरातच तयार होते, परंतु सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो, आणि शेतात दिवसभर राबणारी महिलाही डोक्यावर पदर, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल बांधून काम करत असेल तर उन्हात असूनही तिला पुरेसे मिळत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते त्या वेळचे ऊन उपयोगी. कोवळ्या उन्हात ही क्रिया फारशी होत नाही. आठवड्यातून काही दिवस वीस-तीस मिनिटे हात आणि चेहरा उघडा ठेवावा, उन्हाळ्यात मात्र त्याहून कमी वेळ पुरे.

दिवसाची शिफारस ६०० एकक आहे, तर बाजारात मिळणारी पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० एककांची, म्हणजे शंभर दिवसांच्या गरजेइतकी असते. कमतरता सिद्ध झाल्यावर ती साधारणपणे आठवड्यातून एक अशी आठ आठवडे आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक दिली जाते. ‘आठवड्याला’ हे चिठ्ठीवरचे अक्षर न कळल्याने ती रोज घेतली गेली, किंवा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या एकाच वेळी चालू राहिल्या, तर रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत वाढते : अतिशय तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. घराच्या दिनदर्शिकेवर पुडीचा वार खूण करून ठेवावा आणि पुडी घेतल्यावर ती खूण खोडावी.

निरोगी व्यक्तीने केवळ खबरदारी म्हणून मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व घेण्याचा लाभ दिसलेला नाही. २५,८७१ व्यक्तींवरील ‘व्हायटल’ या अमेरिकी चाचणीत रोज २००० एकक घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकार टळले नाहीत, आणि २०२२ च्या निष्कर्षात अस्थिभंगही घटलेले आढळले नाहीत. ही चाचणी प्रामुख्याने ज्यांना कमतरता नव्हती अशांवर झाली, हे लक्षात ठेवून तिचा अर्थ लावावा. कमतरता असलेल्या महिलेने उपचार टाळण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

ब-१२ : शाकाहारी घरांतील खरी उणीव

हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच; ते दूध, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ निरोगी पुरुषांच्या अभ्यासात ६७ टक्के जणांमध्ये ब-१२ कमी आढळले. घरात दुधाचा वाटा ज्यांना सर्वांत कमी मिळतो त्या महिलांची स्थिती याहून चांगली असेल असे मानण्यास आधार नाही.

तळपायांची आग, मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल होणे, तोल जाणे ही लक्षणे असल्यास तपासणी टाळू नये, कारण मज्जातंतूंची फार दिवस झालेली हानी नंतर भरून येत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षे ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ही उणीव अधिक आढळते. केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा. रोज ५०० ते १००० मायक्रोग्रॅमची तोंडी गोळी बहुतेकांना इंजेक्शनइतकीच उपयोगी पडते. मज्जातंतूंची लक्षणे ठळक असतील तर मात्र इंजेक्शननेच सुरुवात करणे श्रेयस्कर.

अशक्तपणाची सलाईन

५०० मि.लि. ग्लुकोज सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे शंभर उष्मांक असतात; ज्वारीची अर्धी भाकरी तेवढेच देते. मिठाच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, जे रक्तदाबाच्या रुग्णाला अपायकारक ठरू शकते. तीत जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिसळल्याने ती पिवळी दिसते, अधिक गुणकारी होत नाही. उलट्या-जुलाब होत नसतील आणि तोंडाने खाता-पिता येत असेल, तर सलाईन नम्रपणे नाकारावी आणि त्याच पैशात सीबीसी करून घ्यावी.

मल्टिव्हिटॅमिन आणि केसांच्या गोळ्या

अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून असे म्हटले की, कर्करोग आणि हृदयविकार टाळण्यासाठी मल्टिव्हिटॅमिन उपयोगी आहे असे सांगण्यास पुरेसा आधार नाही, आणि ई जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन यासाठी घेऊच नयेत. पाळी जाताना येणाऱ्या गरम झळांवरही कोणतेही जीवनसत्त्व खात्रीने लागू पडत नाही. झळांचा त्रास मोठा असेल तर त्यासाठी स्वतंत्र उपचार आहेत. आहार फारच तुटपुंजा असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दीर्घ आजारातून उठल्यावर काही आठवडे साधी मल्टिव्हिटॅमिन घेण्यास हरकत नाही. केसांच्या गोळ्यांतील बायोटिनमुळे थायरॉईडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो, म्हणून त्या तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद कराव्यात आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे. ब-६ च्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास त्यांनीच हातापायांना बधिरपणा येतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी कोणतीही नवी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

विकत घेताना आणि फसवणूक झाल्यास

- आरोग्यपूरक म्हणून विकली जाणारी डबी कायद्याने अन्नपदार्थ असते. तिच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ती औषधी वापरासाठी नसल्याची सूचना छापलेली असली पाहिजे. अशी डबी सांधेदुखी किंवा मधुमेह ‘बरा करते’ असा दावा झाल्यास ती घेऊ नये.
- चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. औषध कोणत्याही दुकानातून किंवा जनऔषधी केंद्रातून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. दवाखान्याशेजारच्याच दुकानाची सक्ती करता येत नाही.
- पक्के बिल घ्यावे आणि वापराची मुदत तपासावी.
- घरी येऊन साखळी पद्धतीने पूरके विकणाऱ्यांवर २०२१ चे थेट विक्री नियम लागू आहेत. आधी वेळ न ठरवता आणि ओळखपत्राशिवाय त्यांना घरी येता येत नाही. गटातील ओळखीची महिला विकते आहे म्हणून भिडेपोटी खरेदी करू नये.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ आहे. औषध किंवा अन्नाच्या भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर दाद मागावी. ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

गोळी सुरू करतानाच ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, जुना कागद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्ण-भस्मांसह, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. हिमोग्लोबिन वाढले नसेल तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी रक्त कुठे जाते आहे, हा प्रश्न विचारावा.